छाटला गेलेला स्वर आणि त्याची दुरुस्ती

गतवर्षीं नाताळच्या उपासनेनंतर, आमच्या शाळेंत पूर्वीं संगीत शिकविणाऱ्या वृद्ध सरांनीं प्रार्थनामंदिरांत गिटारीवर एका स्तोत्राची चाल वाजविली. संधिवातामुळें त्यांचीं बोटें आखडत चाललीं होतीं. म्हणून 'हें माझें शेवटचेंच वादन' असें त्यांनीं आरंभींच सांगितलें होतें. तें जतन करण्याचें काम आम्हां संगीतमंडळाच्या विद्यार्थ्यांकडे होतें. आम्हीं मायक्रोफोन मांडला. सरांनीं दोन तारा हळूच छेडल्या. तेवढ्यावरून आम्हीं यंत्राची पातळी ठरविली. पुढें चौथ्या कडव्यास सरांनीं साऱ्या तारा जोरानें छेडल्या, तेव्हां यंत्रावरील तांबडा दिवा लागूं लागला. आवाज भरघोस येत असल्याची ती खूण आहे असें समजून आम्ही आनंदलों! मागाहून ऐकतां त्या जागीं स्वराऐवजीं फाटक्या पत्र्यासारखी चरचर ऐकूं आली. ही चूक काय होती, ती कितपत दुरुस्त होते आणि मुळांतच कशी टाळावी, हें आम्ही त्यानंतर शिकलों. तेंच येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

तार छेडली म्हणजे ती कंप पावते, तिच्याबरोबर गिटारीची फळी कंप पावते, आणि हवेंत दाबाच्या लहरी उठतात. मायक्रोफोन ह्या लहरींचें विजेच्या चढउतारांत रूपांतर करितो, आणि यंत्र त्या चढउताराची उंची पुनःपुन्हा मोजून आंकड्यांनीं लिहून ठेवितें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्यें हें मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळां केलेलें असतें, आणि प्रत्येक मापास ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एक पायरी मिळते. शेवटची पायरी संपली कीं पुढें पायरीच नाहीं. लहर तिच्याहून उंच गेली तरी यंत्र तीच शेवटची पायरी लिहीत राहतें.

धान्याच्या मापाचें उदाहरण घ्या. पायली भरून वर शीग चढली आणि मापाऱ्यानें काठावरून हात फिरवून ती पाडली, तर माप सपाट होतें. आतां त्या सपाट मापाकडे पाहून शीग बोटभर होती कीं वीतभर, हें कोणी सांगूं शकेल काय? लहरीचा माथा असा छाटला जाण्यास ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायांत 'क्लिपिंग' म्हणतात. आवाज मागाहून कमी केला म्हणजे झालें, असें आम्हांस प्रथम वाटलें. परंतु आवाज कमी केल्यानें लहर ठेंगणी होते. तिचा माथा सपाटच राहतो. चरचर हळू ऐकूं येते, एवढेंच.

सपाट माथ्याची लहर कानास कर्कश कां लागते? गिटारीच्या सर्वांत जाड तारेचीं आंदोलनें सेकंदास सुमारें ८२ होतात. तिच्याबरोबर दुप्पट, तिप्पट अशा आंदोलनांचे उपस्वरही निघतात, आणि त्यांच्या मिश्रणांतच गिटारीचा गोडवा असतो. माथा कापला कीं लहरीस कोपरे पडतात, आणि ह्या कोपऱ्यांमुळें उंच उपस्वरांची भलतीच भर पडते. विशेषतः तिप्पट, पांचपट, सातपट अशा विषम पटींची. तार एकच असेल तर हे उपस्वर मूळ स्वराशीं निदान नातें तरी राखतात. परंतु अनेक तारा एकत्र छेडल्या असतां त्यांच्या आंदोलनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून, वादकानें कधींच न वाजविलेले स्वर उत्पन्न होतात. आमच्या मुद्रणांत आरंभींच्या कडव्यांतील एकेरी तारांचे छाटलेले आघात सुसह्य, आणि चौथें कडवें असह्य कां झालें, ह्याचें हें कारण. शिवाय बोटाचा पहिला आघात मागून रेंगाळणाऱ्या स्वराहून कितीतरी जोरकस असतो. त्यामुळें कात्री नेमकी त्यावरच चालते.

ह्यावर इलाज एकच, तो म्हणजे अनुमान. वाळवीनें खाल्लेल्या पोथींत एखादें अक्षर गेलें असेल, तर मागचापुढचा मजकूर पाहून तें भरतां येतें. सबंध ओळ गेली तर पंडिताचाही तर्क चालत नाहीं. ध्वनीचेंही तसेंच आहे. लहर कोणत्या वळणानें चढली आणि पलीकडे कशी उतरली, हें पाहून मधल्या हरवलेल्या मापांची गणितानें पूर्ति करितां येते. यान्सेन, व्हेल्डहुइस व व्ह्रीस ह्या संशोधकांनीं अशा पूर्तीची एक प्रसिद्ध रीत १९८६ सालीं मांडली. जाड तारेच्या एका लहरीस पांचशेंहून अधिक मापें मिळतात. त्यांतील चारपांच हरवलीं तर अनुमान बहुधा बरोबर येतें. पन्नास हरवलीं तर तें डळमळूं लागतें.

आम्हीं ऑडॅसिटी नांवाची विनामूल्य मिळणारी संगणक-आज्ञावली वापरली. प्रथम मुद्रणाची एक प्रत काढून मूळ मुद्रण जसेंच्या तसें बाजूस ठेविलें. हा नियम कोणीही मोडूं नये. मग लहरीचें चित्र मोठें करून सपाट माथे हुडकून काढिले. ह्या आज्ञावलींतील 'क्लिप फिक्स' नांवाच्या साधनास दोन गोष्टी सांगाव्या लागतात: किती उंचीवरचें माप छाटलेलें समजावें, आणि नवीं शिखरें मावावींत म्हणून एकंदर आवाज किती उतरवावा. दुसरी गोष्ट विसरल्यास नवीं शिखरें पुन्हा छतास टेकतात. एकेक आघात घेऊन आम्हीं हें केलें, आणि पहिल्या तीन कडव्यांतील दोष कानास जाणवेनासे झाले.

चौथें कडवें मात्र वठणीस येईना. तेथें दुसरी युक्ति केली. तेच स्वर आधींच्या कडव्यांत निर्दोष उमटले होते. तेथून तीन आघात उचलले, त्यांचा आवाज किंचित् चढविला, आणि लहर शून्यरेषा ओलांडते त्या बिंदूवर ते सांधले. दोन बेमालूम बसले. तिसरा लयीस मागें पडला, म्हणून काढून टाकिला. उंच उपस्वर दाबूनही पाहिले; चरचर कमी झाली, परंतु तारेची झळाळीही तिच्याबरोबर गेली.

येथें कोणी विचारील कीं, विद्युत्-गिटार वाजविणारे हीच चरचर मुद्दाम काढितात, तें कसें? १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स ह्यांच्या एका गाण्याच्या मुद्रणांत, अमेरिकेंतील नॅशव्हिल येथें, यंत्राच्या बिघाडानें ग्रेडी मार्टिन ह्यांच्या वादनाचा स्वर असाच फाटला. तो तसाच ठेविला गेला, लोकांस आवडला, आणि १९६२ सालीं तसा स्वर देणारें 'फझ-टोन' नांवाचें यंत्रच विक्रीस आलें. परंतु असें यंत्र घेऊन वाजविणारा ती चरचर स्वतः निवडतो. आमच्या सरांनीं ती निवडली नव्हती. ती आमची निष्काळजी होती.

आतां ती टाळण्याचा मार्ग. पातळी ठरवितांना वादकास सर्वांत हळू नव्हे, तर सर्वांत जोराचा भाग वाजविण्यास सांगावें. तो वाजत असतां कांटा छताच्या खालीं निदान १२ डेसिबल राहावा. म्हणजे लहर छताच्या चतुर्थांश उंचीवरच थांबेल, आणि ऐन उत्साहाच्या भरांत तिला वर चढण्यास जागा उरेल. यंत्रांत २४ बिटांची सोय असल्यास ती घ्यावी; मग मुद्रण हळू झालें तरी मागाहून आवाज चढविण्यास अडचण पडत नाहीं. हळू झालेलें वाढवितां येतें. छाटलेलें परत आणितां येत नाहीं. पालकांसही विनंति आहे कीं, घरीं आजीच्या ओव्या मुद्रित करावयाच्या असतील तर यंत्र तिच्या तोंडाशीं धरूं नये, आणि चार ओळी मुद्रित होतांच एकदां ऐकून पाहाव्या.

सरांस आम्हीं दोन्ही प्रती ऐकविल्या. ते हंसून म्हणाले, "पहिलीं तीन कडवीं मीं वाजविलीं आहेत, चौथ्यांत थोडें तुम्हींही वाजविलें आहे!" पुन्हा वाजविण्याची गोष्ट आम्हीं काढली नाहीं, त्यांचीं आखडलेलीं बोटें आम्हांस दिसत होतीं. आतां शाळेच्या ग्रंथालयांत मूळ मुद्रण आणि दुरुस्त केलेली प्रत अशीं दोन्ही ठेविलीं आहेत, आणि कोठें काय भरलें आहे ह्याची टीप सोबत जोडली आहे. आमच्यामागून हें काम हातीं घेणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तांबड्या दिव्यास शाबासकी समजूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.