डांगीचे धनी

डिंडोलीच्या गल्ल्यांत खानदेशी बोली सहज कानावर पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे तापीकाठच्या रेल्वेने सुरतेत आली, मागावर उभी राहिली, इथलीच झाली. गोठा मात्र गावीच राहिला. पोळ्याला आम्ही मातीचे बैल पुजतो आणि रोजचे दूध सुमुलच्या पिशवीतून घेतो. 1951 साली सुरू झालेल्या या सहकारी संघाने दक्षिण गुजरातच्या घराघरांत दुधाचा पैसा पोचवला, त्याचे मोल मोठेच आहे. पण त्यामुळे गाय म्हटली की पहिला प्रश्न लिटरचा येतो. मला वर्षानुवर्षे जिने वेड लावले आहे ती डांगी गाय या प्रश्नाला उत्तर देत नाही. एका वेताला साधारण चार-पाचशे लिटर दूध, तेही वासराला पाजून. तरीही तिचे धनी तिच्याबद्दल ज्या अभिमानाने बोलतात, तसे बोलणे मी हजारो लिटरवाल्या गोठ्यांतही ऐकलेले नाही.

गुरांचे मोठे पसारे जगात पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियातले ॲना क्रीक सुमारे पावणेसोळा हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे जवळजवळ आपल्या नाशिक जिल्ह्याएवढे. तिथे गुरे हाकायला मोटारसायकली आणि हेलिकॉप्टर लागतात. आपल्याकडे एक माणूस, एक काठी आणि पंधरा-वीस जनावरे. एवढ्यावर पिढ्या निघाल्या.

डांगीचा मुलूख सुरतेपासून फार दूर नाही. ज्याच्यावरून तिचे नाव पडले तो डांग 1960 साली गुजरातेत गेला, पण गाय राज्याची सीमा मानत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी आणि खाली अकोले तालुक्यापर्यंत ती आहे. महादेव कोळी, ठाकर, कानडी हे तिचे जुने पाळणारे.

मला सर्वांत ओढ आहे ती अकोल्याच्या डोंगराची. कळसूबाईच्या कुशीत, भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडे रतनवाडी, घाटघर ही गावे. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, सुरतेच्या चौपट. संकरित गाय त्या पावसात न्युमोनियाने झुरते. डांगी दिवसभर भिजत चरते, कारण तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि पाणी अंगावर ठरत नाही. पाठीवरून हात फिरवला की तळवा ओशट होतो. खूर काळेभोर आणि गारगोटीसारखे टणक. कातळावर झिजत नाहीत, चिखलात कुजत नाहीत. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, आणि त्या ठिपक्यांच्या विखुरणीवरून नावे: पांढरा बहाळा, काळा बहाळा, मणेरी, पारा, शेवरा. जाणकार माणूस दूर टेकडीवरचे जनावर रंगावरून ओळखतो आणि ते कुणाच्या दावणीचे हेही सांगतो.

रतनवाडीच्या बाजूला एका म्हाताऱ्या बाबांच्या ओसरीवर मी बसलो होतो. सवयीने विचारले, “बाबा, दूध किती निघतं?”

“दुधासाठी कोण पाळतंय?” ते म्हणाले. “भात खायाचा तर ही पाहिजे.”

मग त्यांनी सगळा हिशेब मांडला. उन्हाळ्यात शेण आणि पालापाचोळा पसरून वाफा भाजायचा, म्हणजे राब. त्यावर भाताचे रोप. पाऊस लागला की गुडघाभर चिखलात चिखलणी, आणि ती करणार डांगी बैल. उतारावरच्या लहान खाचरांत ट्रॅक्टर वळत नाही. गाईने गोऱ्हा दिला, शेण दिले, की तिचे काम झाले. दूध ही वरकड. मला वाटते, दुग्धविकासाच्या योजना आखणाऱ्यांनी हा हिशेब कधी नीट ऐकलाच नाही. लिटर मोजून त्यांनी डांगीला कमी उत्पादनाची जात ठरवले आणि संकरासाठी वळूंचे रेत डोंगरावर पोचवले.

वाघबारशीचे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. वसुबारसेच्या दिवशीच, अश्विन वद्य द्वादशीला, या डोंगरांत गुराखी वाघोबाला पुजतात. घरोघर शिधा मागतात, वाघोबाच्या दगडाशी खीर शिजवतात. एक पोरगा वाघ होतो, बाकीचे त्याला हुसकून लावतात. आता तिथे फिरतो तो बहुतेक बिबट्याच, पण नवस वाघाच्या नावाचा. शहरात दिवाळीचा पहिला दिवा गाईसमोर लागतो. डोंगरात त्याच दिवशी गाय खाणाऱ्यालाही नैवेद्य जातो. जंगलात गुरे राखणाऱ्यालाच हा शहाणपणा सुचू शकतो.

अडचणी थोडक्यात: 1986 साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाल्यापासून चराईवर बंधने आली, लहान पॉवर टिलर खाचरांत शिरले, आणि तरुण पोरे नाशिक-संगमनेरला कामाला लागली. ज्यांनी डांगीचे खिल्लार राखले आहे त्यांना तोट्यात का राहता असे विचारले, तर उत्तर घराण्याचे येते. आज्याची दावण मोडायची नाही. अशा घराला चराईचा हक्क लेखी मिळावा, आणि जातिवंत वळू राखणाऱ्याला दरसाल मानधन मिळावे, एवढे सरकारने करावे.

अकोले तालुक्यातल्या राजूरला दरवर्षी हिवाळ्यात डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. शिंगे रंगवलेले वळू आणि धुऊन-पुसून उभ्या केलेल्या कालवडी घेऊन माणसे डोंगर उतरून येतात. डिंडोलीहून नाशिक-शिर्डीला जाणाऱ्यांना हा फार मोठा वळसा नाही. यंदा पोरांना घेऊन जा. मालकाला लिटर विचारू नका. जनावराचा रंग कोणता, वळू कुणाचा आणि दावण किती पिढ्यांची, हे विचारा.