बाळंतिणीच्या उशाशी कोण असावे? प्रसूतीविषयक गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा मुलूख सुरू होतो तेथवर पसरलेल्या झरी जामणी तालुक्यात, कोलामांचे पोड आणि गोंडांच्या वस्त्या कापसाच्या शिवारांतून व जंगलाच्या कडेकडेने विखुरलेल्या आहेत. घरात कोलामी किंवा गोंडी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या या लोकांत एखाद्या स्त्रीला कळा सुरू झाल्या, म्हणजे दवाखाना किती कोसांवर आहे या प्रश्नाइतकाच दुसराही एक प्रश्न उभा राहतो: तिच्या भाषेत तिला धीर देणारे, धोका वेळीच ओळखणारे आणि बाळंतपणानंतरही तिची विचारपूस करणारे माणूस तिच्याजवळ आहे काय? महाराष्ट्रात 2001-03 या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत, ते प्रमाण 2018-20 मध्ये 33 पर्यंत उतरले, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु राज्याची सरासरी प्रत्येक पोडाची हकीकत सांगत नाही, आणि उरलेले अंतर तोडण्याच्या मार्गात रस्त्यांच्या दुर्दशेइतकेच काही रूढ समजही आडवे येतात. त्यांपैकी प्रमुख समजांची येथे छाननी केली आहे.

गैरसमज पहिला: सुईणीचे शास्त्र म्हणजे जुन्या अडाणीपणाकडे परतणे.

वस्तुस्थिती: गावची पिढीजात दाई आणि शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेली प्रसूतिसेविका या दोन भिन्न व्यक्ती आहेत, आणि दुसरीची परंपराही आपल्या विदर्भात शतकाहून जुनी आहे. बालवैधव्याचे दुःख पचवून परिचर्येचे व प्रसूतिशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साहाय्याने 1921 साली नागपुरात मातृसेवा संघाची स्थापना केली, ती परक्या पुरुष डॉक्टरापुढे जाण्यास संकोचणाऱ्या आणि घरच्या अंधाऱ्या खोलीत प्राण गमावणाऱ्या स्त्रियांना शिक्षित स्त्रीचा हात मिळावा याच हेतूने. भारत सरकारने 2018 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार परिचर्येचे शिक्षण पूर्ण केलेल्या अनुभवी परिचारिकेस आणखी 18 महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन तिच्याकडे नैसर्गिक प्रसूतीची जबाबदारी सोपविण्याची तजवीज आहे, आणि शेजारच्या तेलंगणाने तर असे प्रशिक्षण 2017 सालीच सुरू केले. 88 देशांच्या परिस्थितीवरून काढलेले एक अनुमान 2021 साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार प्रसूतिसेविकांची सेवा सर्वत्र पोहोचल्यास 2035 पर्यंत सुमारे 67 टक्के मातामृत्यू व 64 टक्के नवजात-मृत्यू टळू शकतील. ही सेवा डॉक्टरला वगळणारी नाही. गुंतागुंत दिसताच रुग्णालयाकडे रवानगी करणे हे तिचे पहिले कर्तव्य आहे.

गैरसमज दुसरा: आजवर घरीच निभावले, तर आताही निभावेल.

वस्तुस्थिती: बहुतेक प्रसूती सुखरूप होतात हे सत्य असले, तरी जी होणार नाही ती कोणती, हे आधी निश्चितपणे ओळखता येत नाही. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव धडधाकट, पूर्वी दोन-तीन बाळंतपणे सहज झालेल्या स्त्रीलाही गाठतो आणि काही तासांत तिचा जीव घेऊ शकतो; मूल जन्मताच मिनिटभराच्या आत मातेस ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिल्यास गर्भाशय आकुंचन पावून हा धोका पुष्कळ कमी होतो, आणि ते इंजेक्शन पोडावरच्या दाईजवळ नसते. मात्र जुन्या पद्धतीतील सर्वच टाकाऊ आहे असेही समजू नये. कळा चालू असताना हिंडणे-फिरणे आणि उकिडवे किंवा उभे राहून कळा देणे यांस, प्रकृती ठीक असलेल्या स्त्रीच्या बाबतीत, जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या शिफारशींत मान्यता दिलेली आहे.

गैरसमज तिसरा: सरकारी दवाखान्यात गेले की पैसा लागतो, आणि बाईला आत एकटे टाकतात.

वस्तुस्थिती: 1 जून 2011 पासून अमलात आलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय संस्थेत प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, भोजन आणि घर ते दवाखाना व परतीचे वाहन हे सर्व निःशुल्क आहे, आणि जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातील अनुसूचित जमातीच्या मातेस संस्थेतील प्रसूतीबद्दल 700 रुपयेही मिळतात. दुर्गम आदिवासी भागांतील काही आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ उभारण्यात आले आहे, जेथे गर्भवतीस दिवस भरण्यापूर्वीच नातलगासह येऊन राहता येते, म्हणजे पावसाळ्यात नाला भरला तरी वाट अडत नाही. राहिला प्रश्न एकटेपणाचा. प्रसूतिकक्षात मातेजवळ तिच्या विश्वासातील एक अनुभवी स्त्री असू द्यावी, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी 2016 मध्येच कळविले आहे. जिला कोलामी येते, जी वेदनेतील शब्द न् शब्द समजते, अशी पोडावरची वयस्क दाई या जागी बसल्यास तिचा अनुभव वाया जात नाही आणि परिचारिकेचे ज्ञानही उपयोगी पडते. दोघींचा असा मेळ घालण्यातच या प्रदेशाचे हित आहे.

गैरसमज चौथा: गर्भवतीने कमी खाल्ले की मूल लहान राहते व सुटका सोपी होते.

वस्तुस्थिती: या समजाइतके नुकसान क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. अल्पाहाराने मातेचे रक्त कमी होते आणि कमी वजनाचे मूल जन्मास येते, ज्याला जगण्यासाठी पहिल्याच दिवसापासून झगडावे लागते. राज्य शासनाची अमृत आहार योजना अनुसूचित क्षेत्रातील गर्भवती व स्तनदा मातांस अंगणवाडीतून रोज एक वेळचे चौरस जेवण देते, ते याचकरिता. लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गरोदरपणात 180 दिवस आणि प्रसूतीनंतर पुन्हा 180 दिवस घ्यावयाच्या असतात. विदर्भातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो, म्हणून पहिल्या तपासणीतच पती-पत्नी दोघांच्याही रक्ताची त्या दृष्टीने परीक्षा व्हावी. हा रोग करणीचा नव्हे व संसर्गाचाही नव्हे. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल रोगग्रस्त होण्याचा संभव चारांत एक असतो. सिकलसेलग्रस्त स्त्रीने लोहाच्या गोळ्या डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

गैरसमज पाचवा: पहिला चीक नासका असतो, बाळाला आधी मध, गुटी किंवा पाणी द्यावे.

वस्तुस्थिती: पिवळसर दाट चीक हे रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेले बाळाचे पहिले संरक्षण आहे, आणि ते जन्मानंतर तासाभराच्या आत त्याच्या मुखी पडावे. पुढील सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको. मधातून तर एका घातक जिवाणूची बाधा होण्याची भीती बाळ वर्षाचे होईपर्यंत राहते. नाळेवर राख, हळद वा तेल न लावता ती कोरडी व स्वच्छ ठेवावी, पहिली आंघोळ निदान 24 तास लांबवावी, आणि मूल कमी वजनाचे असल्यास त्याला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा भिडवून, दिवसाचे जास्तीत जास्त तास धरावे. शेगडीच्या धुरकट उबेपेक्षा ही ऊब अधिक सुरक्षित आहे.

गैरसमज सहावा: मूल जन्मले, नाळ कापली, की काम संपले.

वस्तुस्थिती: नवजात अर्भकांचे बहुसंख्य मृत्यू पहिल्या सात दिवसांतच होतात. झरी जामणीहून फार दूर नसलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून, घरोघरी नवजात-सेवा पोहोचविली आणि तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात-मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले; याच प्रयोगाच्या आधारे आज देशभर गावोगावच्या आरोग्य-स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, घरभेटी देतात. दवाखान्यात प्रसूती झालेल्या मातेकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येते. हात साबणाने धुऊन ती आधी आईला रक्तस्रावाविषयी व तापाविषयी विचारते, मग बाळाला झोळीच्या काट्यात तोलते, काखेत तापमापक धरते, आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिटभर त्याच्या पोटाची हालचाल मोजते. श्वास 60 वा त्याहून अधिक भरले, छाती आत ओढली जात असली, किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर त्याच घटकेस दवाखाना गाठावयाचा असतो. आपला सव्वा महिन्याच्या विसाव्याचा प्रघात या बेचाळीस दिवसांशी किती जवळून जुळतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याच काळात एखादी बाळंतीण अकारण रडते, बाळाकडे पाहीनाशी होते, झोप हरवून बसते. तिला ‘बाहेरचे’ झाले असे म्हणून मांत्रिकाकडे नेणे हा तिच्यावर अन्याय आहे. भारतात सुमारे पाच बाळंतिणींमागे एकीस असे प्रसूतीनंतरचे औदासीन्य येते, ते उपचाराने बरे होते, आणि 14416 या ‘टेलिमानस’ नावाच्या शासकीय मानसिक-आरोग्य सेवेच्या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र सल्ला मिळतो.

शेवटी घरातील कर्त्या पुरुषांस विनंती आहे की बाळंतपण हा बायकांचा मामला समजून त्यांनी ओट्यावर बसून राहू नये. सातव्या महिन्यातच कोठे जावयाचे, सोबत कोण राहणार आणि मागे घरची पोरे कोण सांभाळणार, हे ठरवावे. 102 आणि 108 हे रुग्णवाहिकेचे क्रमांक भिंतीवर ठळक लिहून ठेवावेत. आणि आशाताई दारी आली म्हणजे तिला बसावयास पाट द्यावा, तिचे म्हणणे सबंध ऐकावे व त्याप्रमाणे वागावे. मातेचा व बालकाचा जीव वाचविणारे ज्ञान आज या तालुक्याच्या दारापर्यंत आलेले आहे. त्याला घरात घेणे ही जबाबदारी आता कुटुंबाची आहे.