बॅकरेस्ट बसवताय? आधी बोल्टचं डोकं वाचा

आजचा प्रश्न मानेसरहून आलाय. दिल्लीच्या खाली, गुरुग्राम ओलांडलं की लागणारं औद्योगिक गाव. तिथे नोकरी करणारा आपला एक मराठी प्रेक्षक लिहितो: 'दिवाळीत आई साताऱ्याहून येतेय. तिला मागे टेकायला मिळावं म्हणून करोल बागेतून बॅकरेस्ट आणला. पाकिटात चार बोल्ट आहेत, त्यांच्या डोक्यावर काहीच लिहिलेलं नाही. ते लावू, की गाडीचेच जुने लावू?'

उत्तर आहे: दोन्ही नकोत. का, ते सांगतो.

मानेसरहून हा प्रश्न यावा याची मला गंमत वाटली. हिरोबरोबरची भागीदारी सोडली, तर होंडाचा भारतातला स्वतःचा पहिला दुचाकी कारखाना मानेसरलाच. २००१ साली ॲक्टिवा तिथूनच बाहेर पडली. त्याच रस्त्यावर थोडं पुढे धारूहेडा, जिथे १९८५ पासून हिरो होंडाच्या गाड्या बनू लागल्या. शिवाय आपल्या पुण्यात जशी एआरएआय, तशी मानेसरला आयकॅट ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे. नवं मॉडेल रस्त्यावर येण्याआधी अशा एखाद्या संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तुम्ही बाजारातून आणलेला बॅकरेस्ट मात्र त्या चाचणीच्या वेळी गाडीवर नव्हता. त्याची चाचणी तुम्हीच घ्यायची आहे.

आता मुद्दा. बॅकरेस्ट नसतो तेव्हा मागचा माणूस काहीतरी धरून बसतो: ग्रॅब रेल, नाहीतर चालवणाऱ्याचा खांदा. बॅकरेस्ट आला की तो हात सोडतो. पाठ टेकतो, फोन काढतो, लांबच्या रस्त्यावर डुलकीसुद्धा घेतो. म्हणजे त्याचा सगळा भरवसा चार बोल्टांवर जातो. आणि ते सैल असतील तर गाडी उभी असताना कळत नाही. सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटर पिळला किंवा मागचं चाक गतिरोधकावरून उडालं की कळतं.

आपल्याला वाटतं, बोल्ट तुटतो तो ताकद कमी पडल्यामुळे. जरा हिशोब करू. मागच्या माणसानं पाठीनं तीस किलोचा रेटा दिला, गादी बोल्टांपासून ३५ सेंटिमीटर उंच आहे आणि पुढच्या-मागच्या बोल्टांत १० सेंटिमीटर अंतर आहे. तरफेच्या नियमानं बोल्टांच्या जोडीवर साधारण १०५ किलोचा ओढा येतो. चांगल्या प्रतीचा आठ मिलिमीटरचा एकच बोल्ट दोन टनांच्या आसपास ओढ सहन करतो. मग तो तुटतो कसा?

सैल होऊन तुटतो. बोल्ट म्हणजे खुंटी नाही. तो ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. आपण आवळतो तेव्हा तो किंचित लांबतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं, तेच बॅकरेस्टला जागेवर ठेवतं. दाब कमी पडला की पत्रे एकमेकांवर सरकतात. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं यंत्रावर दाखवून दिलं की बोल्टच्या आडव्या दिशेनं जोड सतत सरकत राहिला, तर नट आपोआप उलटा फिरू लागतो. बॅकरेस्टला टेकलेला माणूस खड्ड्याखड्ड्याला पुढे-मागे होतो, तेव्हा नेमकी हीच हालचाल घडते. आधी सैल होणं, मग खडखड, मग रोज थोडं थोडं वाकून एक दिवस तुकडा. म्हणून हवा तेवढा ताण सोसेल असा बोल्ट घ्यायचा आणि तो तेवढा आवळायचा.

म्हणून डोकं वाचायचं. डोक्यावर ८.८ असेल तर पहिला आकडा गुणिले शंभर, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तो तुटत नाही. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, तो ताणला तरी परत मूळ लांबीवर येतो. साधा लोखंडी ४.६ प्रतीचा बोल्ट २४० लाच कायमचा लांबतो. आठ मिलिमीटरचा ८.८ बोल्ट कोरड्या आट्यांवर साधारण २५ न्यूटन-मीटरनं आवळतात. पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो लावले की तेवढं होतं, आणि त्यातून जवळजवळ दीड टन दाब मिळतो. ४.६ चा बोल्ट तेवढं आवळलं की गळपटतो. बिनखुणेचा बोल्ट कुठल्या प्रतीचा आहे हे तुम्हालाही माहीत नाही आणि दुकानदारालाही. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट दिसायला झकास, पण त्यातला नेहमीचा ए२-७० हा ४५० ला हार मानतो, शिवाय आट्यात अडकून बसण्याची त्याला खोड असते. हार्डवेअरच्या दुकानात 'हायटेन्साइल, आठ-आठ मार्क' असं मागा. अगदी स्वस्तात मिळतात.

मग गाडीचेच जुने बोल्ट का नकोत? ते प्रतीला उत्तम असतात, पण आखूड पडतात. बॅकरेस्टची पट्टी ५ मिलिमीटर, वॉशर दीड मिलिमीटर. म्हणजे बोल्ट साडेसहा मिलिमीटर वर उचलला गेला. आठच्या बोल्टला सव्वा मिलिमीटरचे आटे असतात. पाच आटे गेले! आधी १० मिलिमीटर धरत असेल तर आता साडेतीन. मेकॅनिक आवळतो, घट्टही लागतो, आणि महिन्याभरात फ्रेमच्या नटाचे आटे सोलून निघतात. पोलादात बोल्टच्या जाडीइतका तरी भाग आत जायला हवा, ॲल्युमिनियममध्ये दीडपट. म्हणून जेवढी जाडी वाढवली तेवढाच लांब बोल्ट घ्या. फार लांबही नको. बंद भोकात तो तळाला टेकतो आणि खोटा घट्टपणा देतो. उघड्या बाजूनं बाहेर आला, तर खड्ड्यात चाक वर आल्यावर टायरला लागू शकतो.

खरेदीला जाताना जुना बोल्ट खिशात ठेवा. दहा मिलिमीटरच्या बोल्टमध्ये फसगत होते: बाजारात सहज मिळतो तो दीड मिलिमीटर आट्यांचा, आणि जपानी घडणीच्या गाड्यांत बहुधा सव्वाचा. दोनतीन फेरे बसतो, मग अडतो. तिथे पान्यानं जोर लावू नका.

बसवताना चारही बोल्ट आधी हातानं फिरवून लावा, आवळणं नंतर. एखादं भोक जुळत नसेल, तर कानस मारून लांबट करू नका. पट्टी बोल्टनं ओढूनही जुळवू नका, कारण सगळा दाब मग पट्टी वाकवण्यातच खर्च होतो. फट असेल तर नेमक्या लांबीची लोखंडी बुश टाका, पाच वॉशरची चळत नको. पट्टीखाली रबर तर अजिबातच नको. रबर दबत राहतं आणि बोल्टचा ताण निघून जातो. प्लास्टिकच्या पॅनेलमधून बोल्ट जात असेल तर त्यातली मूळ लोखंडी कॉलर टाकून देऊ नका. स्प्रिंग वॉशरवर आपल्याकडे फार श्रद्धा आहे, पण पूर्ण आवळल्यावर तो सपाट होऊन नुसता वॉशर उरतो. त्यापेक्षा उघड्या टोकाला नायलॉक नट, आणि फ्रेममध्ये जाणाऱ्या बोल्टला निळं थ्रेडलॉकर. मात्र त्यानं आटे ओले होतात, तेव्हा आवळायचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून किंवा बाटलीवरच्या सूचनेतून घ्या.

फ्रेमला वेल्डिंग करून देतो म्हणणारे नाना पेठेतही भेटतील आणि करोल बागेतही. नम्रपणे नको म्हणा. फ्रेमची नळी त्या जागी कमजोर होऊ शकते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल कडक आहे. केंद्रीय नियम १२३ प्रमाणे मागच्या माणसासाठी कायमचा हँडग्रिप, फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकणारं आवरण लागतं. बॅकरेस्ट लावताना ग्रॅब रेल काढून टाकली, साडीगार्ड कापला, असं करू नका.

आणि आईचं काय? आई साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणार असतील, तर बॅकरेस्ट त्यांच्या पाठीशी नाही, कुशीला येतो. टेकायला काही मिळत नाही, उलट मागची रेल धरायची जागा जाऊ शकते. दोन्हीकडे पाय टाकून बसणार असतील तरच तो कामाचा. त्यांना गाडी उभी असताना बसवून बघा: हात रेलपर्यंत पोचतो का, गादी कमरेच्या वरच्या भागाला लागते का, की त्यांना मागे ढकलते.

आवळून झाल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढा. पावडर कोटिंग थोडं दबतंच, म्हणून पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा. थ्रेडलॉकर लावलेला बोल्ट मात्र हलवू नका, त्याची रेघच बघा. ती तुटलेली दिसली तर तो पूर्ण काढून, आटे साफ करून, थ्रेडलॉकर नव्यानं लावून बसवा. मानेसरहून जयपूर दोनशे किलोमीटरहून थोडं जास्त आहे. तो बेत त्यानंतर करा.