सिलतऱ्याच्या भट्टीतली आकडेवारी
रायपूरजवळच्या सिलतरा, उरला या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्न बनते. फिरत्या भट्टीत लोहखनिज आणि कोळसा सुमारे १००० अंशांवर तापवतात. तापमान बिघडले की आतल्या अस्तरावर थर चिकटत जातो, वाट अरुंद होते आणि शेवटी भट्टी बंद करून तो फोडावा लागतो. सेन्सरच्या नोंदी नीट अभ्यासल्या तर याची चाहूल आधीच लागू शकते. पण असे संशोधन छोट्या कारखान्याला एकट्याने झेपत नाही. युरोपने २०१०-१३साठी ‘फॅक्टरीज ऑफ द फ्यूचर’ हा कारखान्यांतील उत्पादन-तंत्रज्ञानाच्या संशोधनाचा १.२ अब्ज युरोंचा कार्यक्रम आखला, त्यात निम्मा भार उद्योगांचा. आपल्याकडे केंद्राच्या ‘समर्थ उद्योग’ योजनेतून पुण्यात कारखान्यांना डिजिटल तंत्रज्ञान वापरायला मदत करणारी सीफोरआयफोर लॅब आहे. रायपूरच्या एनआयटीची तर सुरुवातच १९५६मध्ये खाणकाम आणि धातुशास्त्राने झाली. तिथले प्राध्यापक आणि सिलतऱ्याचे कारखानदार यांनी एक भट्टी निवडून काम सुरू करायला हवे.