सदुसष्टाव्या जागेचा मागोवा

बारामती-इंदापूर पट्ट्यात दूध संकलन केंद्रावर नमुना मशीनला लागतो, फॅट-एसएनएफ कळतं आणि दर ठरतो. दूध बहुतांशी एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाईंचं. अलीकडे मात्र देशी गाईचं ‘ए-टू’ दूध चढ्या भावानं विकलं जातं. या भावफरकामागचं रसायन बरंच जुनं आहे.

१९५१ साली लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी मांडलं, की अमिनो आम्लांना जोडणारा अमाइड बंध सपाट असतो, गंजलेल्या बिजागरीसारखा सहजी फिरत नाही. त्याच्या बैठका दोनच, ट्रान्स किंवा सिस. बहुतेक बंध ट्रान्स असतात; प्रोलिन या अमिनो आम्लाच्या आधीचा बंध मात्र सिसमध्येही आढळतो. हा सपाटपणा धरूनच १९६३ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या साखळीला शक्य असलेल्या वळणांचा नकाशा काढला.

१९७९ मध्ये जर्मन संशोधकांना गाईच्या दुधातल्या केसीन या प्रथिनापासून अफूसारखं काम करणारी पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, मिळाली: बीटा-केसोमॉर्फिन. १९८१ मध्ये त्याच कुळातलं मॉर्फिसेप्टिन आलं. अमिनो आम्लं चार, त्यांत दोन प्रोलिन. टायरोसिन-प्रोलिन बंध द्रावणात सिस आणि ट्रान्स दोन्ही रूपांत असतो. मग पेशीवरच्या ज्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) अफू काम करते, तिला चालतं ते कोणतं? २००१ मध्ये लोझान आणि माँट्रियलच्या संशोधकांनी प्रोलिनच्या जागी बंधाला सिस बैठकीतच अडकवून ठेवणारा घटक बसवला. तरीही पेप्टाइड काम करत राहिलं. कौल सिसच्या बाजूनं गेला.

ए-वन आणि ए-टू या दुधाच्या दोन प्रकारांत केसोमॉर्फिनचा हा तुकडा सारखाच असतो. फरक पुढे, बीटा-केसीनच्या सदुसष्टाव्या जागेवर. ए-टूमध्ये तिथं प्रोलिन असतं आणि पाचकरसांना साखळी तिथं तोडणं जड जातं. ए-वनमध्ये हिस्टिडिन असतं, म्हणून सात घटकांचं केसोमॉर्फिन सहज सुटतं. गीर, खिलार यांसारख्या देशी गाईंत प्रामुख्यानं ए-टू, तर एचएफमध्ये दोन्ही आढळतात.

इथून बाजारानं उडी मारली: ए-वन अपायकारक, ए-टू आरोग्याचं. २००९ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं तपासलं, तेव्हा या पेप्टाइडचा आणि आजारांचा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पाकिटांवरचे ए-वन, ए-टू दावे काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच आदेश मागे घेतला.

बंधाचा आकार पेप्टाइड ग्राहीवर बसेल का, एवढंच सांगतो. ते आतड्यातून रक्तात पुरेसं पोचतं का, हा प्रश्न निराळा. चढा भाव देशी गाय जगवण्यासाठी द्यायचा असेल तर खुशाल द्यावा. औषध म्हणून मोजू नये.