गाडीची बैठक

खानदेशात गाडीचं सस्पेन्शन बदलण्याची रीत जुनी आहे, फक्त तिला कोणी सस्पेन्शन म्हणत नसे. ‘मागे एक पाटा वाढवून द्या’ एवढंच सांगायचं. रावेर-सावद्याकडून केळीचे घड वाहणारी पिकअप, चोपड्याकडून कापूस आणणारा टेम्पो, गावोगावची काळी-पिवळी. मागचे पाटे बसले की गाडी पाटेवाल्याकडे न्यायची. तो यू-बोल्ट सोडायचा, पाट्यांना ठोकून पुन्हा गोलाई द्यायचा आणि वर एक जास्तीचा पाटा घालायचा. भरलेली गाडी मग झोकात चालायची. रिकामी परतताना मात्र ती प्रत्येक खड्ड्यात उडायची आणि ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की तिचं मागचं चाक सरकायचं. वजनासाठी लावलेली गाडी वजन उतरलं की बिघडते, हे इथल्या प्रत्येक पिकअपवाल्याला ठाऊक आहे.

आज जळगाव-धुळ्यातली जी तरुण मुलं स्विफ्ट, पोलो किंवा थारला अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शन लावू पाहतात, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न आहे. भाग बदलले, किंमत लाखाच्या घरात गेली, पण गाडी कोणत्या वजनासाठी आणि कोणत्या रस्त्यासाठी लावायची, हे आधी ठरवावंच लागतं. माझ्या पाहण्यात बहुतेक जण ते ठरवत नाहीत. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट किती दिसते यावरून गाडीची उंची ठरते आणि पुढची सगळी दुखणी तिथून सुरू होतात.

आधी एक गैरसमज दूर करू. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्याला गॅरेजात सगळे शॉकअप म्हणतात, तो गाडीचं वजन उचलत नाही. वजन उचलते स्प्रिंग. शॉकअपचं काम स्प्रिंगची हालचाल आवरण्याचं. त्याच्या नळीत तेल असतं, तेलात पिस्टन असतो आणि पिस्टनला बारीक भोकं व पातळ पत्र्यांच्या झडपा असतात. चाक वर-खाली झालं की तेल त्या भोकांतून ढकललं जातं आणि हालचालीतली ऊर्जा उष्णतेत जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, तो गरम लागतो. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात तेल आधीच पातळ झालेलं असतं, म्हणून जुना शॉकअप इथे लवकर उघडा पडतो.

स्प्रिंग किती कडक हवी, याचं गणित सोपं आहे. गाडीच्या वजनाने चाकापाशी स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला साधारण एकदा झुलते. सहा सेंटिमीटरच दबत असेल, तर दोनदा. घरच्या गाड्या एक ते दीडच्या दरम्यान ठेवलेल्या असतात आणि शर्यतीकडे झुकणाऱ्या दोनच्या पुढे. स्प्रिंग दुप्पट कडक केली तरी झुलण्याचा वेग दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. पण तेवढा फरक मागे बसलेल्या आजीच्या पाठीला पहिल्याच गतिरोधकावर कळतो.

ही मुलं लावू पाहतात ते कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांची एकत्र जोडी. शॉकअपच्या अंगावर बाहेरून आटे पाडलेले असतात, त्यावर स्प्रिंगची बैठक फिरते आणि खाली लॉक रिंग ती धरून ठेवते. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. फोर्डमध्ये काम केलेल्या अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून रस्त्यावर आली. कॉइलओव्हरमध्ये तिचाच आराखडा असतो, वर उंची बदलण्याची सोय आणि चांगल्या संचात झडपा कडक-सैल करणारी घुंडीही. साध्या संचात बैठक फिरवून गाडी खाली घेतली की शॉकअपची धावही कमी होते. महाग संचात खालचा कंस स्वतंत्र फिरतो. त्यामुळे गाडी खाली येते आणि शॉकअपची आतली धाव शाबूत राहते. खानदेशासाठी दुसरा प्रकार घेण्यासारखा, पहिल्याच्या वाटेला जाऊ नये.

याच्या अलीकडे स्वस्त उपाय आहेत. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचा रबरी बफर काही शे रुपयांपासून मिळतो. तो वेटोळ्यांची हालचाल रोखून गाडी वर धरतो. नेहमी पाच माणसं आणि भरलेली डिक्की असेल तर त्याचा थोडा आधार होतो. पण तो स्प्रिंगचा एक भाग गोठवतो आणि उरलेल्या वेटोळ्यांवर ताण वाढवतो. नुसत्या लहान स्प्रिंगा घालून गाडी बसवणं त्याहून वाईट, कारण शॉकअप जुनाच राहतो आणि त्याची खालची धाव संपते. थार-स्कॉर्पिओवाल्यांचं लिफ्ट किट उलट दिशेने जातं. तोरणमाळ किंवा चांदसैली घाटात, पावसाळ्यात सातपुड्यातल्या पाड्यांवर जाणाऱ्याला त्याचा खरा उपयोग आहे. शहरातच फिरणाऱ्याला त्यातून मिळतं ते वळणावरचं झुकणं.

आता रस्ता. धुळे हा चौफुलीचा गाव. सुरतेहून जळगावमार्गे नागपूरकडे जाणारा महामार्ग आणि मुंबई-आग्रा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. तिसरा चाळीसगाव, कन्नडकडून सोलापूरला उतरतो. तरसोद ते फागणे चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं. त्या काळात या पट्ट्यातल्या किती गाड्यांचे बुश आणि लिंक रॉड गेले, हे इथल्या मेकॅनिकना विचारा. महामार्ग सोडून तालुक्याच्या रस्त्याला लागलं की काळी माती सुरू होते. बेसॉल्टपासून झालेली ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचं डांबर सपाट राहत नाही, त्याला लाटा येतात. ताशी ७० वेगाने अशा लाटांवरून जाताना गाडी खड्ड्यात पडत नाही, ती पोहते. इथे चांगला शॉकअप लागतो, कडक स्प्रिंग नव्हे.

आणि गतिरोधक. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकात गोल गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर आहे, ताशी २५ वेगाने ओलांडण्यासाठी. त्याची गोलाई सुमारे १७ मीटर त्रिज्येची होते. पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली गाडी त्यावर आली की तिच्या पोटाखाली तो जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो, कारण चारही चाकं त्याच गोलाईवर उभी असतात. बसवलेली गाडीही तो न घासता ओलांडेल. पण गावकऱ्यांनी अपघातानंतर रातोरात घातलेला, हातभर रुंद आणि वीतभर उंच उंचवटा? तो दोन चाकांच्या मधे पूर्ण उंचीने घुसतो. रिकाम्या गाडीची खालची जागा १६ ते १७ सेंटिमीटर. ती चार सेंटिमीटर खाली घेतली, त्यात पाच माणसं बसली, की राहिलं काय? मुलं वाचावीत म्हणून गाव तो उंचवटा घालतं आणि मला त्याचं चुकलं असं वाटत नाही. गाडी लावणाऱ्याने तो धरूनच हिशेब करायला हवा.

माझ्या भाच्याने हा हिशेब केला नव्हता. धुळ्यातल्या एका गॅरेजात त्याने गाडी खाली घेतली, घुंड्या पूर्ण कडक केल्या, रिकाम्या गाडीत शहराबाहेर एक फेरी मारली आणि खूश झाला. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला आम्ही पाच जण त्याच गाडीने संभाजीनगरहून निघालो, डिक्की भरलेली. कन्नडचा औट्रम घाट उतरत होतो. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव या घाटाला मिळालं आहे. एका वळणावर मधेच खाच लागली. स्प्रिंगची धाव आधीच संपलेली होती, मागचा बम्प स्टॉपर, म्हणजे धावेच्या टोकाचा रबरी ठोकळा, दणकन बसला आणि गाडीचं मागचं अंग बाहेरच्या बाजूला सरकलं. समोरून काही येत नव्हतं म्हणून निभावलं. घरी पोहोचेपर्यंत माझी बहीण एक शब्द बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघांनी सगळं पहिल्यापासून केलं. ते सविस्तर सांगतो, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

काम सुरू करण्याआधी गाडी सपाट फरशीवर उभी करावी, टाकी अर्धी भरलेली असावी, आणि चारही चाकांपाशी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजून कागदावर लिहावं. हा कागद नसेल तर नंतर कोणती बाजू किती खाली गेली हे अंदाजाने ठरतं. गाडी जॅकवर उचलली तरी जॅकच्या भरवशावर तिच्याखाली जाऊ नये, घोड्या लावाव्यात. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, म्हणून तकलादू स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरू नये. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर शॉकअपच्या कंसातून आधी मोकळी करावी. वरचा नट हवेच्या गनने आवळू नये. आतला दांडा गरगर फिरतो आणि नव्या शॉकअपचं सील पहिल्याच दिवशी दुखावतं.

सर्वांत जास्त चुकतं ते रबरी बुशांचं. लोअर आर्मचे बोल्ट चाकं हवेत लोंबत असतानाच घट्ट आवळले जातात. गाडी खाली टेकली की बुश पिळलेल्या अवस्थेत बसतो आणि पुढे कायम तसाच पिळलेला राहतो. काही महिन्यांत तो फाटतो, करकर सुरू होते आणि दोष नव्या सस्पेन्शनवर जातो. गाडी चाकांवर उभी राहून तिचं पूर्ण वजन आलं, की मगच हे बोल्ट शेवटचे आवळायचे. टॉर्क रेंच नसलेल्या गॅरेजात हे काम देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवायची. स्प्रिंग थोडी बसते, सांधे जागेवर येतात. पुन्हा मोजायचं, पुन्हा आवळायचं आणि त्यानंतरच व्हील अलाइनमेंट. उंची बदलली की चाकांचा कॅम्बर (उभा कल) आणि टो (आत-बाहेर वळलेपण) दोन्ही बदलतात. टो चुकीचा राहिला तर टायर आतल्या कडेने खाल्ला जातो, आणि आतली कड कोणी वाकून पाहत नसल्यामुळे तार दिसायला लागल्यावरच कळतं. हेडलाइटचा झोतही तपासावा. मागून दबलेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश मारते. नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो, उंची बदलल्यावर त्याचंही कॅलिब्रेशन करावं लागतं.

घुंड्यांचं काम शेवटी. त्या पूर्ण कडक करून तिथून टिकटिक मोजत सैल करत यायचं आणि मधोमध सुरुवात करायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, रस्ता तोच ठेवायचा, भार तोच ठेवायचा, लिहून काढायचं. आम्ही लळिंगचा घाट, त्यानंतर पारोळ्याकडचा एक तुकडा आणि एक खेड्याचा रस्ता असा ठरलेला फेरा घेतला, पाच जणांच्या वजनाने. पहिल्याच फेरीत भाच्याचं चुकलेलं सापडलं. शॉकअप स्प्रिंगला परत उघडू देताना फार रोखत होता. रस्त्यावर ओळीने गतिरोधक पट्टे लागले की पहिल्या पट्ट्यावर दबलेली स्प्रिंग दुसरा येईपर्यंत वर यायची नाही, तिसऱ्यापर्यंत गाडी आणखी खाली जायची आणि शेवटी स्टॉपरवर बसायची. कडकपणा म्हणून त्याला जे जाणवत होतं, ती धाव संपलेली गाडी होती. मागच्या घुंड्या सहा टिका सैल केल्या, गाडी अडीच सेंटिमीटर वर घेतली आणि ती लाटांवरून शांत जाऊ लागली.

आग्रा रोडने शिरपूर, बिजासन घाट ओलांडून नर्मदेपलीकडे गेलं की इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र आहे. तिथल्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकचं उद्घाटन २०२१ मध्ये झालं. गाडी बनवणाऱ्या कंपन्या स्प्रिंग आणि शॉकअप यांची जोडी अशा ट्रॅकवर महिनोन्‌महिने चालवून ठरवतात. ती बदलायला आपण एका दुपारचा वेळ देतो. निदान पुढचे चार रविवार तरी द्यायला हवेत.

कायद्याची बाजू थोडक्यात. नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार परवानगीशिवाय केलेल्या अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. एमएच १९ असो की एमएच १८, आधी आरटीओत विचारून घ्या, उत्तर लेखी मागा. जास्तीचा पाटा घालून पासिंगपेक्षा जास्त माल भरणाऱ्यालाही कायद्यातून सूट नाही.

हे सगळं वाचून ज्याला हुरूप आला असेल, त्याला एकच विनंती. खरेदीआधी आहे ती गाडी एकदा घोड्यांवर घेऊन तपासा. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ, फाटलेले बुश, खेळणारा बॉल जॉइंट, वाळलेला टॉप माउंट. ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर खानदेशात चाललेल्या गाडीत यांतलं काही ना काही सापडतंच. शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएलचे कारखाने याच आग्रा रोडवर, एका टोकाला नाशिक आणि दुसऱ्या टोकाला देवासला आहेत, म्हणजे माल मिळायची अडचण नाही. कंपनीच्या मापाचे चार नवे शॉकअप, नवे बुश आणि नीट केलेली अलाइनमेंट, एवढ्यावर दहातल्या आठ गाड्या पुन्हा नव्यासारख्या चालतील. कॉइलओव्हर उरलेल्या दोघांसाठी आहे, आणि त्या दोघांनी तो पाच माणसांना घेऊनच लावावा.