खिशातले आयुध : खंडेनवमीच्या निमित्ताने

आज खंडेनवमी. ज्या आयुधावर आपले पोट चालते, त्याची आश्विन शुद्ध नवमीस पूजा करावी, ही आपली जुनी चाल. सुताराचा रंधा, माळ्याचा कोयता, गृहिणीची विळी आणि कारखान्यातील अवजड यंत्रे आज झेंडूची फुले लेवून बसतात. या मांदियाळीत एक धाकटे आयुध मात्र बहुधा विसरले जाते. ते म्हणजे खिशातला मिटता चाकू.

माझ्या उजव्या तर्जनीवर एक जुना व्रण आहे. आंब्याच्या पेटीची दोरी कापताना चाकूचे टोक फळीत रुतले. ते सोडविण्यासाठी हिसका दिला, तो पाते उलटून बोटांवर मिटले. त्या चाकूला अडसर नव्हता. यंदा आंब्याची बाग सांभाळणाऱ्या माझ्या पुतण्याने विचारले, "काका, रोज कंबरेला राहील असा दणकट चाकू घ्यायचा आहे. कोणता घेऊ?" त्या प्रश्नाचे हे उत्तर.

मिटत्या चाकूचे मर्म पात्यापेक्षा त्याच्या सांध्यात असते. साध्या चाकूत पाते केवळ पट्टीच्या ताणाने उघडे राहते. पात्याच्या पाठीवर जोर आला की ते मिटते. फळ चिरण्यास हे पुरेसे, कष्टाच्या कामास नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली सुरू केलेल्या कारखान्याचे लाल मुठीचे चाकू जगभर गेले. त्यांच्या लहान नमुन्यांत मुख्य पाते याच पद्धतीचे असते. पुष्कळ मोठ्या नमुन्यांत अडसर दिलेला असतो.

फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये घडविलेला चाकू म्हणजे साधेपणाचा आदर्श : लाकडी मूठ, एक पाते, एक खिळा. १९५५ साली त्यास फिरती पोलादी कडी जोडण्यात आली. ती वळविली की पाते जागच्या जागी रोखले जाते. वजन नगण्य, धार उत्तम. परंतु पावसात लाकूड फुगते आणि पाते मुठीत घट्ट बसून उघडेनासे होते. कोकणच्या आषाढात ही अडचण लहान नव्हे.

अमेरिकेतील बक कंपनीने १९६४ साली बाजारात आणलेल्या '११०' क्रमांकाच्या चाकूने दणकट मिटत्या चाकूंचा एक घाटच रूढ केला. मुठीच्या पाठीशी दडलेली पोलादी पट्टी पाते उघडताच त्याच्या खाचेत बसते. पट्टी मागून दाबल्यावाचून पाते मिटत नाही. पाते पावणेचार इंच, मुठीच्या टोकांना पितळ. वजन मात्र सुमारे दोनशे ग्रॅम, म्हणून तो खिशापेक्षा पट्ट्याच्या म्यानातच शोभतो.

पोलादाचाही विचार हवा. साध्या कार्बन पोलादास धार लवकर लागते, पण फळाचा चीक आणि खारी हवा लागली की गंज चढतो. क्रोमियमयुक्त न गंजणाऱ्या पोलादास धार लावताना थोडा अधिक वेळ जातो, परंतु किनारपट्टीवर तेच बरे. फार कठीण पोलादाची धार टिकते, तथापि ते ठिसूळही असते. मध्यम कठीण पोलाद दगडावर सहज वठणीवर येते.

दुकानात चाकू उघडून पाते आडवे हलवून पाहावे. सांधा डुगडुगत असेल तर तो परत ठेवावा. बोटे पात्याच्या वाटेत येऊ न देता पाठीवर बेताचा दाब द्यावा. अडसर सुटता कामा नये. ओल्या हातानेही मूठ निसटू नये. आणि हे विसरू नये की, कितीही भारी असला तरी मिटता चाकू म्हणजे पहार नव्हे. डबे उचकटणे, फांद्या तोडणे ही कामे त्याची नव्हेत. तेथे कोयताच हवा.

एक गोष्ट कायद्याची. २०१६ च्या शस्त्र नियमावलीत नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू, घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनविलेले सोडून, शस्त्रांत मोडतात. शिवाय उत्सवाच्या काळात १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमान्वये मनाई हुकूम लागू असेल, तर लहान चाकूही मिरवणुकीत नेणे गुन्हा ठरू शकते. म्हणून सीमोल्लंघनास जाताना तो घरीच ठेवावा.

पुतण्याला मी सांगितले : पाते तीन ते साडेतीन इंच, न गंजणारे पोलाद, पाठीशी पोलादी पट्टीचा अडसर, आणि मूठ लाकडाची नको. नाव कोणतेही असो, एवढे पाहून घे.

त्याने तसा चाकू आणला. काल रात्री आम्ही दोघांनी त्याच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडला, दगडावर पाते फिरविले. बोथट चाकूला जोर अधिक लावावा लागतो, आणि निसटला की तोच खोल लागतो. आज तो कोयत्याशेजारी पाटावर आहे. त्यावर गंध आहे, फूल आहे. बाग सांभाळणारा हात शाबूत राहावा, एवढेच त्याच्याकडे मागणे.